रानातल्या करवंदाचं बोन्साय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात, मावळात, सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर करवंदाच्या जाळ्या मुबलक आहेत. वर्षानुवर्षं कोयत्यानं तोडलेल्या, गुरांनी तुडवलेल्या जाळीच्या तळाशी कधीकधी असा बुंधा सापडतो, जो कुंडीत बी पेरून पंधरा वर्षांतही तयार होणार नाही. असा बुंधा कुठून घ्यावा, तो जगवावा कसा आणि त्यातून झाड कसं घडवावं, याची उत्तरं खाली आहेत. सगळ्या उत्तरांमागचं सूत्र एकच आहे: आधी मुळं, मग आकार.

बोन्सायसाठी करवंदच का?

रानकरवंद (कॅरिसा कंजेस्टा) सदाहरित आहे. पान जाड, चकचकीत असतं आणि छाटणीनं लहान होत जातं. जुन्या लाकडावरही नवे फुटवे येतात, त्यामुळे कुंपणासाठी कितीही तोडलं तरी ते पुन्हा उभं राहतं. बुंध्याची साल वयानुसार खडबडीत होते. पांढरी सुवासिक फुलं, मग हिरवी, लाल आणि शेवटी काळी फळं, असं बरंच काही एकाच झाडावर पाहायला मिळतं. जांभ्याच्या फटीत, उघड्या कातळावर तगलेलं असल्यामुळे थोड्या मातीत जगण्याची त्याला सवय असते.

अडचणीही आहेत. काटे टोकदार असतात, चीक येतो आणि जुनं लाकूड कडक असल्यानं वाकत नाही, मोडतं. रोपवाटिकेत ‘करवंद बोन्साय’ म्हणून पुष्कळदा मिळतं ते नेटल प्लम, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं कॅरिसा मॅक्रोकार्पा. त्याची फळं मोठी आणि लाल असतात. झाड चांगलं आहे, पण ते आपलं रानकरवंद नव्हे.

रानातून झाड उपटून आणणं कायदेशीर आहे का?

वनजमिनीतून नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनातून वनोपज काढणं गुन्हा आहे. संरक्षित वनांना कलम ३३ लागू होतं. अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं कलम २९ लागतं आणि राष्ट्रीय उद्यानात त्याच कायद्याचं कलम ३५. वनोपजाच्या वाहतुकीवरही नियंत्रण आहे, म्हणजे गाडीत ठेवलेलं झाडही अडचणीत आणू शकतं. वनहक्क कायदा २००६ नं गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क दिला तो जंगलावर जगणाऱ्या रहिवाशांना. शहरातून आलेल्या हौशी माणसाला तो मिळत नाही. गायरान ‘कोणाचंच नाही’ असं समजू नका, तिथेही ग्रामपंचायतीशी आणि महसूल खात्याशी बोलल्याशिवाय कुदळ लावता येत नाही.

मालकीच्या जमिनीत मालकाची परवानगी हवी, आणि ती लेखी असावी. साध्या कागदावर गट क्रमांक, तारीख आणि सही असली तरी वाटेत कोणी विचारलं तर दाखवता येते.

मग झाड घ्यायचं कुठून?

जे झाड एरवीही जाणारच आहे, तेच घ्या. प्लॉट सपाट करायला जेसीबी यायचा आहे, शेताचा बांध मोडायचा आहे, आंबा-काजूच्या नव्या लागवडीसाठी वरकस (उताराची हलकी) जमीन साफ करायची आहे, घराची जुनी वई (काटेरी कुंपण) काढून चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी बांध, घालायचा आहे: अशा जागी मालक झाड आनंदानं देतो. गावात ओळखीच्या चार जणांना ‘जमीन साफ करायच्या आधी कळवा’ एवढं सांगून ठेवलं, तर डोंगर धुंडाळण्याची गरज उरत नाही.

उघड्या डोंगरावरची भरघोस फळणारी जाळी पाहून मोह होतो, पण तिला हात लावू नका. उन्हाळ्यात तीच करवंदं पानांच्या द्रोणात घालून विकणाऱ्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी बायकांची ती कमाई असते. बुलबुलापासून उदमांजरापर्यंत अनेकांचं खाणंही तेच असतं. जाळीच्या मुळांनी उताराची माती धरून ठेवलेली असते, हे वेगळंच.

झाड निवडताना काय पाहायचं?

पालवी पाहू नका. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतचा भाग पाहा, कारण त्याच्या वरचं जवळजवळ सगळं पुढे कापलं जाणार आहे. बुंध्याभोवतीची माती हातानं बाजूला करा. चहूबाजूंना पसरलेली मुळं दिसली तर उत्तम. एकाच बाजूला एकच जाड मूळ असेल तर पुढे तोल साधणं कठीण जातं. बुंधा तळाशी जाड आणि वर निमुळता असावा, त्यात एखादं वळण असावं. मनगटाएवढी, म्हणजे ४ ते ६ सेंटिमीटर जाडी पहिल्या प्रयत्नासाठी योग्य. मांडीएवढे बुंधे बघायला भारी वाटतात, पण त्यांची मोठी मुळं कापल्यावर झाड वाचण्याची शक्यता झपाट्यानं घटते.

राबासाठी (भाताच्या रोपांची जमीन भाजायला) किंवा कुंपणासाठी ज्याच्या फांद्या दर वर्षी तोडल्या गेल्या, ते झाड शोधा. दर वेळी वरचं तुटतं आणि तळ जाड होत जातो. बोन्सायकार कुंडीत जे दहा वर्षं करतो, ते इथे कोयत्यानं आधीच झालेलं असतं.

कातळाच्या फटीत घट्ट बसलेलं झाड सोडून द्या. पहारीनं फट मोकळी करेपर्यंत मुळं सोलून निघतात आणि हातात नुसता बुंधा येतो.

उचलायची योग्य वेळ कोणती?

पाऊस स्थिरावल्यावर, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. फळं संपलेली असतात, माती मऊ असते, हवेत ओल असते आणि झाड जोमानं फुटायच्या तयारीत असतं. पहिल्या वळवाच्या सरीला धावू नका. नंतर आठ-दहा दिवस कडक ऊन पडलं तर उघडी पडलेली मुळं भरपाई करू शकत नाहीत.

ऑक्टोबरचं ऊन, डिसेंबर-जानेवारीतली थंडी आणि एप्रिल-मे हे तिन्ही काळ वाईट. जेसीबी मार्चमध्येच येणार असेल तर नाइलाजानं मार्चमध्ये काढा, पण मुळांभोवती मातीचा गोळा जास्त ठेवा आणि तीन महिने सावलीत सांभाळायची तयारी ठेवा.

वर्षभर हाताशी असेल तर आधी काय तयारी करता येईल?

हीच सर्वात चांगली परिस्थिती. पहिल्या पावसाळ्यात बुंध्यापासून २५ सेंटिमीटर अंतरावर अर्ध्या वर्तुळात वीतभर रुंद, ३० सेंटिमीटर खोल चर खणा. चरात आलेली मुळं धारदार कात्रीनं कापा आणि चर भरड वाळू व पालापाचोळ्याच्या खतानं भरा. वरच्या फांद्या एक तृतीयांश कमी करा. वर्षभरात कापलेल्या टोकांमागून बारीक तंतुमुळं फुटतात. पुढच्या पावसाळ्यात उरलेलं अर्ध वर्तुळ कापून झाड उचललं, की अर्धी मुळं आधीच तयार असतात. मालकाला चर दाखवून ठेवा, नाहीतर तो कोणीतरी बुजवतो किंवा त्यात गुराचा पाय अडकतो.

सोबत कोणती हत्यारं न्यायची?

पहार, टिकाव, छोटी घडीची करवत, सिकेटर (छाटणीची कात्री), कोयता, ओली गोणपाटं, सुतळी, पाण्याची फवारणी बाटली, जाड चामडी हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट. गमबूट टाळू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर दगडांखाली आणि जाळीच्या बुडाशी फुरसं हा विषारी साप असतो. आधी काठीनं जाळी हलवा, दगड पहारीनं उलटा, हात शेवटी घाला.

प्रत्यक्ष काढायचं कसं?

आधी फांद्या उतरवा. शेवटी झाडाची उंची जेवढी हवी, त्यापेक्षा बुंधा ५ ते ८ सेंटिमीटर जास्त ठेवा, कारण कापलेलं टोक थोडं वाळत खाली येतं. चार-पाच फांद्यांचे खुंट हातभर लांबीचे ठेवा. शक्य असेल तर एखाद्या फांदीवर थोडी पानं राहू द्या.

मग बुंध्याच्या जाडीच्या पाचपट अंतरावर गोल चर घ्या. म्हणजे ५ सेंटिमीटर जाडी असेल तर २५ सेंटिमीटर दूर. चर २५ ते ३० सेंटिमीटर खोल गेला की खालून आत खणत जा. बारीक मुळं सिकेटरनं, जाड मुळं करवतीनं कापा. टिकावाच्या घावानं मूळ तोडलं की ते चिरत जातं आणि ती चीर पुढे कुजते. शेवटी सोटमूळ राहतं, तेही करवतीनंच कापायचं. झाड बुंध्याला धरून हिसडू नका. मुळांना आधार देत गोणपाटावर घ्या, गोणपाट ओलं करून घट्ट गुंडाळा आणि सुतळीनं बांधा. गाडीच्या टपावर वाऱ्यात ठेवलेलं झाड तासाभरात सुकतं, म्हणून आत ठेवा. घरी पोचल्यावर त्याच दिवशी लावा.

खड्डा भरून द्या. उघडा खड्डा ठेवून निघून जाणाऱ्याला त्या गावात पुन्हा कोणी बोलावत नाही.

इतका चीक गळतो, झाड त्यानं मरतं का?

मरत नाही. करवंद कण्हेर-चाफ्याच्या कुळातलं आहे, चीक त्याच्या स्वभावातच आहे. कापलेल्या जागी गार पाण्याचा फवारा मारत राहा, थोड्या वेळात थांबतो. काहींच्या त्वचेला खाज सुटते, कपड्यांवर डाग राहतात. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्यानं धुऊन डॉक्टरांकडे जा.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं?

चेचलेली, सोललेली मुळांची टोकं पुन्हा स्वच्छ कापा. जाड मुळाचा काप खालच्या बाजूला तोंड करून असावा, म्हणजे नवी मुळं खाली आणि बाजूंना जातात. तांबडी माती आपोआप सुटते तेवढी सोडवा, गाभ्यातली राहू द्या. काळी चिकट माती असेल तर जास्त काढावी लागते, कारण भरड मिश्रणाच्या मधोमध ओला चिकट गोळा राहिला की आतली मुळं गुदमरतात. तिथे पाण्याच्या हलक्या धारेनं आणि बोथट काडीनं बाहेरचा अर्धा भाग मोकळा करा.

चीक थांबल्यावर मुळांचे जाड काप कोरड्या फडक्यानं टिपून त्यांना आयबीएची मूळजनक पावडर लावा. फांद्यांच्या आणि बुंध्याच्या कापांना बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्धा लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र. लोखंडी पातं त्यात बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी वापरा, मुळांना लावू नका.

मग झाड भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये किंवा भोकं पाडलेल्या टबात बसवा. आतून शेडनेटचा तुकडा घाला म्हणजे मिश्रण सांडत नाही. मुळांच्या गोळ्याभोवती चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर जागा पुरे. खोली १५ ते २० सेंटिमीटर. मिश्रण बांबूच्या काडीनं खोचत मुळांमधल्या पोकळ्या भरा. शेवटी बुंधा क्रेटला तारेनं किंवा सुतळीनं घट्ट बांधा, आणि सालीला काचू नये म्हणून मध्ये रबराचा तुकडा ठेवा. ही पायरी बरेच जण गाळतात. झाड हललं की केसासारखी नवी मुळं तुटतात, आणि वरून काहीच कळत नाही.

मिश्रण कशाचं करायचं?

४ भाग विटांचा चुरा, २ भाग भरड वाळू किंवा जांभ्याचा चुरा, १ भाग पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. चुऱ्याचे कण ३ ते ६ मिलिमीटरचे हवेत. चाळणीतून खाली पडलेली पूड बागेत टाका, कुंडीत नाही, कारण तीच तळाशी बसून निचरा बंद करते. वीट पक्की भाजलेली हवी. कच्च्या विटेचा दोन पावसात चिखल होतो. खणखणीत आवाज करणारी वीट घ्या, सिमेंट चिकटलेली टाळा. समुद्राची वाळू खारट असल्यानं चालत नाही.

कोकणात खताचा भाग अर्ध्यावर आणा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याआधी वर पालापाचोळ्याचं पातळ आच्छादन द्या. पहिल्या वर्षी मिश्रणात शेणखत घालू नका. अर्धवट कुजलेलं शेणखत ताज्या कापांशेजारी गरम होतं आणि हुमणीही घेऊन येतं.

प्लास्टिकची पिशवी घालावी का?

पुणे, सातारा, नाशिक आणि त्याच्या पूर्वेला, हो. वरून पारदर्शक पिशवी घाला, चार-पाच भोकं पाडा आणि झाड उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशा जागी ठेवा. थेट उन्हात पिशवीच्या आत झाड शिजतं. पानं उलगडल्यावर तीन-चार दिवसांनी एकेक भोक मोठं करत दोन-तीन आठवड्यांत पिशवी काढा, एकदम नाही.

कोकणात जुलैत पिशवीची गरज नसते. तिथे उलट डोक्यावर पत्रा किंवा प्लास्टिकचं छप्पर द्या, कारण सततच्या धारेनं मिश्रण आठ-आठ दिवस चिंब राहतं.

महिन्याभरात भरपूर फुटवे आले. झाड लागलं म्हणायचं ना?

अजून नाही. बहुतेक झाडं याच टप्प्यावर हातची जातात, म्हणून हे उत्तर नीट वाचा.

तीन ते सहा आठवड्यांत येणारे पहिले फुटवे बुंध्यात साठवलेल्या अन्नावर येतात. त्या वेळी मुळं नसतीलही. तोडून जमिनीवर टाकलेला करवंदाचा खुंटही पावसाळ्यात फुटतो. झाड आणणारा खूश होतो, झाड उन्हात ठेवतो, खत घालतो, नको वाटणारे फुटवे खुडतो. सप्टेंबरच्या अखेरीस ऊन तापतं, पानांतून पाणी जायला लागतं, खालून पुरवठा नसतो आणि सगळे फुटवे दोन-चार दिवसांत काळे पडून गळतात.

झाड लागल्याची खूण वेगळी असते. पहिली पानं गडद आणि कडक होतात, वाढ थोडी थांबते, मग फुटव्यांच्या टोकांतून दुसरी पालवी सुरू होते. दोन पेरांमधलं अंतर वाढलं की मुळं कामाला लागली असं समजा. क्रेटच्या जाळीतून पांढरी मुळं डोकावली तर शंकाच नको. मुळं आली का हे पाहायला झाड उपसू नका. पहिल्या वर्षात एकही फुटवा काढू नका, तळाशी आलेले नकोसे फुटवेसुद्धा. प्रत्येक पान मुळांना अन्न पुरवत असतं.

पाणी किती द्यायचं?

‘रोज एक तांब्या’ असा नियम चालत नाही. बोट दोन सेंटिमीटर खुपसा. कोरडं लागलं तर तळातून बाहेर येईपर्यंत पाणी द्या, ओलसर असेल तर थांबा. पानं नसलेलं झाड पाणी फारसं पीत नाही, म्हणून पहिल्या महिन्यात मुळांना पाणी कमी आणि बुंध्यावर फवारा दिवसातून दोनदा. करवंद दुष्काळ सोसतं, साचलेलं पाणी सोसत नाही. बोअरच्या जड पाण्यानं मिश्रणावर पांढरा क्षार जमतो. पावसाळ्यात तो आपोआप धुतला जातो, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा दुप्पट पाणी देऊन धुवा.

खत केव्हा सुरू करायचं?

दुसरी पालवी कडक झाल्यावर, म्हणजे साधारण दहा-बारा आठवड्यांनी. सुरुवातीला १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मिश्रणावर. दुसऱ्या वर्षापासून क्रेटला महिन्याला दोन मोठे चमचे निंबोळी पेंड किंवा कुजवलेली शेंगदाणा पेंड पुरते. ताजी पेंड बुंध्याला टेकवून ठेवली की बुरशी येते, म्हणून कडेनं द्या. झाड आजारी वाटलं तर खत थांबवा, वाढवू नका.

झाड जिवंत आहे की गेलं, कसं ओळखायचं?

नखानं साल किंचित खरवडा. खाली हिरवं आणि ओलं असेल तर जिवंत. वरून सुरुवात करून खाली या. वरचा भाग तपकिरी आणि तळ हिरवा असेल, तर मेलेल्या भागाची सीमा स्पष्ट होईपर्यंत वाट पाहा आणि त्यानंतरच कापा. साल सुरकुतली असेल तर पाणी पोचत नाही. साल दाबल्यावर मऊ लागत असेल, वास येत असेल, तर मुळं कुजली आहेत. अशा वेळी झाड काढून काळी मुळं पांढऱ्या गाभ्यापर्यंत कापा, नव्या, खत नसलेल्या भरड मिश्रणात लावा आणि लिटरला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशीची पावडर) घालून एकदा आळवणी करा, म्हणजे ते पाणी मिश्रणात ओता. त्याच पंधरवड्यात मिश्रणात तांबंयुक्त बुरशीनाशक ओतू नका, ते ट्रायकोडर्मालाही मारतं.

वर्षभर हिरवं राहूनही न फुटलेलं झाड पुढच्या जूनमध्ये फुटू शकतं. घाईनं फेकून देऊ नका.

आकार द्यायला कधी सुरुवात करायची?

दुसऱ्या पावसाळ्यात. तोवर फुटव्यांचं रान माजलेलं असतं आणि तसंच माजू द्यायचं असतं. आता झाड डोळ्यांच्या पातळीवर ठेवून फिरवून पाहा. मुळं सर्वात चांगली दिसतात आणि बुंधा किंचित आपल्याकडे झुकतो, ती समोरची बाजू. पहिली फांदी एकूण उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, बाजूला. दुसरी विरुद्ध बाजूला थोडी वर. तिसरी मागे. शेंड्यासाठी एक उभा फुटवा राखा. तो दोन वर्षं न छाटता वाढू दिला की जाडी येते आणि कापलेल्या बुंध्यातून तो सहज वर आल्यासारखा दिसतो.

करवंदाला तार कशी बांधायची? फांदी मोडते.

मोडते, कारण उशीर झालेला असतो. फांदी हिरवट-तपकिरी आणि पेन्सिलीपेक्षा बारीक असतानाच वाकवा. अॅल्युमिनियमची तार घ्या, फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश जाडीची, वेढे ४५ अंशांत. तारेच्या मार्गातल्या काट्यांची फक्त टोकं सिकेटरनं उडवा, काटा मुळापासून सोलू नका. आदल्या दिवशी पाणी देऊ नका, किंचित मऊ पडलेली फांदी चांगली वाकते. एका झटक्यात हवा तेवढा वाक देण्यापेक्षा पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन टप्प्यांत द्या.

पावसाळ्यात फांदी वेगानं जाड होते, तार सालीत रुतते आणि तो व्रण वर्षानुवर्षं राहतो. दर पंधरा दिवसांनी पाहा. काढताना तार उलगडू नका, पक्कडीनं तुकडे करून काढा. जाड फांदीसाठी तारेचा नाद सोडा. दिशा बदलायची तर ती कापा आणि हव्या त्या दिशेच्या डोळ्यातून नवी फांदी घ्या. करवंदाचं खरं काम कात्रीनंच होतं.

फांद्या समोरासमोर फुटतात. दोन्ही ठेवायच्या का?

एक काढायची. करवंदाची पानं जोडीनं असतात, म्हणून प्रत्येक छाटणीनंतर दोन फांद्या समोरासमोर येतात. दोन्ही ठेवल्या तर बुंध्यावर आडवी दांडी ठोकल्यासारखं दिसतं आणि ती जागा फुगत जाते. आधी डावी, पुढच्या पेराला उजवी, असं आलटून पालटून राखलं की फांदीला नागमोडी वळण आपोआप येतं. उभे वर किंवा सरळ खाली जाणारे फुटवे लहान असतानाच चिमटीत काढा. शेंड्याकडचा भाग जोरात वाढतो, तो खालच्यापेक्षा दुप्पट वेळा छाटावा लागतो.

मोठ्या कापाची जखम भरते का?

दोन सेंटिमीटरपर्यंतची भरते, वेळ लागतो. मोठ्या जखमेला कृत्रिम पोकळी किंवा सुकं लाकूड म्हणून दाखवणं जास्त शोभतं. लाकूड कडक आणि बारीक पोताचं असल्यानं कोरीव काम टिकतं, पण आपल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. पाणी साचेल असा खळगा ठेवू नका. पावसाळा संपल्यावर आणि पुन्हा फेब्रुवारीत कोरड्या लाकडावर ब्रशनं लाईम सल्फर (चुना-गंधकाचं द्रावण) लावा, मिश्रणावर सांडू देऊ नका. कोरीव काम तिसऱ्या वर्षाआधी नको. कुठला भाग जिवंत राहणार हे तोवर ठरलेलं नसतं.

बोन्सायच्या उथळ कुंडीत कधी हलवायचं?

चौथ्या किंवा पाचव्या वर्षी, जूनमध्ये. त्याआधी तिसऱ्या जूनमध्ये क्रेटमधून एकदा काढून गाभ्यातली रानची माती काढा आणि जाड मुळं आखूड करा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त मुळं कापू नका. सोटमुळाचा खुंट दर खेपेला थोडा थोडा कमी करा. त्याचा मेलेला भाग राहिला तर वाळवी तिथूनच शिरते.

कुंडीची खोली बुंध्याच्या जाडीइतकी असावी. गडद मातकट किंवा राखाडी रंग करवंदाच्या पानाला शोभतो. भोकांवर जाळी आणि झाड बांधायला तळातून तार हवीच. पुढे दर दोन-तीन वर्षांनी मिश्रण बदला.

फुलं-फळं येत नाहीत, कारण काय?

बहुतेक वेळा कात्री. फुलांचे गुच्छ फांद्यांच्या टोकाला येतात, साधारण जानेवारी ते एप्रिल. ऑक्टोबरनंतर छान गोल छाटणी केली की फुलंच छाटली जातात. मोठी छाटणी फळं उतरल्यावर जूनमध्ये, हलकी ऑगस्टपर्यंत, त्यानंतर हात आवरायचा. दुसरं कारण ऊन कमी. पाच-सहा तासांचं थेट ऊन हवं. तिसरं, नत्र जास्त. सप्टेंबरनंतर १९:१९:१९ बंद करून ०:५२:३४ हे नत्र नसलेलं विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून दोनदा द्या.

पान लहान होतं, फळ होत नाही. दीड-दोन सेंटिमीटरचं फळ वीतभर झाडावर बेढब दिसतं, म्हणून फळं हवी असतील तर झाडाची उंची ३५ सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवा. कुंडीतल्या झाडावर आठ-दहा फळं पुरेत, बाकीची हिरवी असतानाच काढून लोणच्यात घाला.

उन्हाळ्यात गच्चीवर टिकेल का?

टिकेल, पण स्लॅबवर थेट ठेवू नका. खाली विटा किंवा लाकडी फळी द्या. रानात झाड भर उन्हात असतं, मात्र तिथे मुळं जमिनीत गार असतात. गच्चीवर काळी प्लास्टिकची कुंडी तापते आणि मुळं शिजतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार ५० टक्के शेडनेट आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. गावाला जायचं तर कुंडी वाळू भरलेल्या घमेल्यात ठेवा आणि वाळू ओली करून जा.

कोणत्या किडी पडतात?

पिठ्या ढेकूण सर्वात चिवट. मुंग्यांची रांग दिसली की पानांच्या बेचक्यात तो असणारच. थोडा असेल तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसा. जास्त असेल तर लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा. खवले कीड जुन्या दातघासणीनं खरवडून निघते. उन्हाळ्यात पानं फिकट, धुरकट दिसली तर मागून लाल कोळी पाहा, पाण्याचा जोरदार फवारा पुष्कळदा पुरतो. पावसाळ्यात अळ्या एका रात्रीत शेंडे खातात, त्या हातानं वेचा. झाड विनाकारण मलूल असेल तर कुंडीतून अलगद काढून मुळांवर पांढरी पूड आहे का पाहा, तोही पिठ्याच असतो.

जाळीतून पाच-सहा बुंधे एकत्र निघाले. वेगळे करावेत का?

करू नका. एकाच तळातून आलेल्या बुंध्यांचा झुबका हे करवंदाचं नैसर्गिक रूप आहे. विषम संख्येत ठेवा, सर्वात जाड तोच सर्वात उंच राखा, मधोमध अडकलेले आणि एकमेकांना घासणारे काढा. वेगळे करताना प्रत्येकाच्या वाट्याला मुळं येतातच असं नाही.

रानातून न आणता करवंद बोन्साय करता येईल का?

येईल, आणि नवशिक्यानं आधी तेच करावं. पिकलेल्या फळातलं बी धुऊन त्याच जूनमध्ये पेरा, साठवलेल्या बियांची उगवण लवकर घटते. छाट कलमं अवघड जातात, पावसाळ्यात गुटी कलम त्यापेक्षा बरं. बियांची रोपं तीन वर्षं जमिनीत वाढवा, सोटमूळ पहिल्याच वर्षी आखूड करा. बुंधा बोटाएवढा व्हायलाच चार-पाच वर्षं जातात. त्या काळात पाणी, छाटणी आणि तारेचा हात बसतो, आणि वई मोडताना शेजारच्या गावातून बोलावणं आलं की जुना बुंधा तुमच्याकडे वाया जात नाही.

एकूण किती वर्षं लागतात?

चांगला जुना बुंधा मिळाला तर पाचव्या वर्षी कुंडीत पाहण्याजोगं, आठव्या-दहाव्या वर्षी फांद्यांची बारीक जाळी तयार झालेलं झाड. पहिल्या दोन वर्षांत घाई केली तर हीच मुदत वाढते.